माळ कोणी खाल्ला?



जामनेर असो, बोदवड असो, पारोळा असो की शिंदखेडा, कोरडवाहू गावाची बैठक बसली की कापसाच्या भावाचा विषय संपतो आणि लगेच दुसरा विषय निघतो. रात्री रोही आले, तुरीचे शेंडे खाऊन गेले. हरणांनी हरभरा बसवला. डुकरांनी मका लोळवला. मग कोणीतरी उठतो आणि ठराव मांडतो, 'सरकारने बंदुका द्याव्यात, नाहीतर आम्हीच बंदोबस्त करू.' टाळ्या पडतात, ठराव मंजूर होतो, कागद तहसीलला जातो आणि तिथेच राहतो. पुढच्या वर्षी तोच ठराव, त्याच टाळ्या.

या ठरावाबद्दल आज स्पष्ट बोलायचे आहे. या ठरावाने सरकार फार स्वस्तात सुटते, असे आमचे मत झाले आहे. तुमचा राग खरा आहे. दिवसभर निंदणी करून रात्री बॅटरी घेऊन बांधावर बसणाऱ्या माणसाला शांत राहा असे सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला, असे चालले आहे. हरणाने तुमचे शेत खाल्ले हे खरे. पण हरणाचा माळ कोणी खाल्ला, हा प्रश्न आपण विचारत नाही. तो विचारला नाही म्हणून दरवर्षी बिल आपल्या नावावर फाडले जाते.

दोन्हीकडून शेतकरीच गुन्हेगार

शहरातल्या मंडळींचे एक म्हणणे ठरलेले असते. शेतकऱ्यांनी जंगले तोडली, माळ नांगरले, प्राण्यांच्या घरात घुसले, मग प्राणी शेतात येणारच. ऐकायला बरे वाटते. पण ज्या शिवारात हरीण फिरते ते शिवार सातबाऱ्यावर आपल्या पणजोबांच्या नावाने आहे. दादर आणि कापूस तिथे पिढ्यान्‌पिढ्या पिकतो. हरीण तेव्हाही होते. आपल्या आजोबांनी हुरड्याच्या दिवसांत माळा बांधला, गोफण फिरवली, चार ओळी पाखरा-जनावरांना गेल्या असे धरून चालले. तेव्हा ते परवडत होते. गावाला गायरान होते, गायरानाला गवत होते आणि हरणाला शेतात उतरण्याची रोजची गरज नव्हती.

काळविटाचे पोट काय मागते ते नीट पाहा. हे उघड्यावर राहणारे जनावर आहे. त्याला लांबवर दिसले पाहिजे, धावायला मोकळी जागा पाहिजे आणि आखूड, कोवळे गवत पाहिजे. दाट झाडीत त्याचे काही चालत नाही. झाडीत लपणाऱ्या शत्रूपासून ते वाचू शकत नाही. म्हणजे काळविटाचे घर जंगल नव्हे, माळ आहे. पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी हे गवत ज्या बरड मुरमाड जमिनीवर येते तोच त्याचा मुलूख. तिथेच ठेलारी-धनगरांची मेंढरे चरत, काठेवाडींच्या गाई चरत, आपले बैल चरत. हरीण, मेंढरू आणि बैल तिघेही एकाच ताटात जेवत होते. ताट उचलून नेले तेव्हा तिघेही उपाशी राहिले. मेंढरू निघून गेले, बैल विकला गेला. हरीण कुठे जाणार? ते तुमच्या हरभऱ्यात आले.

'पडीक' हा शब्द कोणाचा?

इंग्रजांनी मोजणी केली ती सारा ठरवण्यासाठी. ज्या जमिनीतून सारा निघतो ती जमीन, बाकीची पडीक. १८५२ साली सावदा, यावल भागातले शेतकरी या मोजणीविरुद्ध उठले होते, हा खानदेशचाच इतिहास आहे. इंग्रज गेले, मोजणीची नजर राहिली. २००० साली केंद्र सरकारने देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह छापला, पुढे त्याच्या नव्या आवृत्त्या काढल्या. त्यात झुडपी आणि गवती माळ कुठे बसवले? पडीक जमिनीत. गवत हे पीक नाही आणि गवत हे जंगलही नाही. म्हणून ते काहीच नाही.

आता जे काहीच नाही त्याचे काय करायचे? ज्याच्या हाती योजना येईल त्याने वापरायचे. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरण आले. माळावर खड्डे खणले, सुबाभूळ लावली, ग्लिरिसिडिया लावला. मग राज्यभर झाडे लावण्याची मोहीम आली. २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी रोपांचे लक्ष्य होते. एवढी रोपे लावायला जागा कुठे? जिथे कोणी भांडायला येत नाही तिथे, म्हणजे माळावर आणि गायरानावर. शिवाय पाणलोटाच्या नावाने सलग समतल चर आले. चर दोन फूट रुंद, एक फूट खोल. ज्या बरडावर वीतभर माती आणि खाली मुरूम, तिथे चर खणला की मुरूम वर येतो आणि गवताची मुळे गाडली जातात. उताराच्या खोल जमिनीवर जो उपाय चांगला, तोच उथळ माळावर अपाय ठरतो. शेतीशास्त्र शिकलेल्या कोणालाही हे समजते. पण योजनेचे उद्दिष्ट हेक्टरमध्ये असते. गवताच्या पेंढीत ते मोजले जात नाही.

आणि परिणाम काय झाला? इथे लक्ष द्या, कारण तुमच्या तुरीचा संबंध इथे आहे. रोही आणि रानडुक्कर यांना दिवसा लपायला आडोसा लागतो. माळ उघडा होता तोवर त्यांना आडोसा नदी-नाल्याला आणि डोंगराला होता. माळावर झाडोरा उभा केला, त्यात वेडी बाभूळ घुसली आणि गावाच्या उंबऱ्याशी रोह्यांना बारा महिने मुक्कामाची जागा तयार झाली. दिवसा सरकारी झाडोऱ्यात झोपायचे, रात्री आपल्या शेतात जेवायचे. उघड्या माळाला धरून राहणारे काळवीट, तणमोर, माळढोक मागे हटले आणि आडोशाला धरून राहणारे रोही-डुक्कर पुढे आले. सरकारने सरकारी खर्चाने आपल्या बांधाशी रोह्यांची धर्मशाळा बांधली. शेतकऱ्याने मात्र तिथे खाणावळ चालवायची, आणि तीही फुकट!

आम्ही झाडांच्या विरोधात नाही. बांधावर लावा, नाल्याच्या काठाला लावा, रस्त्याला लावा, शेतकऱ्याला फळ देणारे लावा. पण गवताच्या छाताडावर झाड लावून त्याला निसर्गरक्षण म्हणू नका.

रेहेकुरीचा हिशेब

महाराष्ट्रात काळविटासाठी राखलेली जागा म्हटले की रेहेकुरीचे नाव येते. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात देऊळगाव-रेहेकुरी हे काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झाले. क्षेत्र किती? २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर. आपल्याकडच्या मध्यम गावाच्या शिवारापेक्षाही कमी. तिथे हरीण वाचले, वाढले, हे चांगलेच झाले. पण वाढलेले हरीण जेवते कुठे, याचा हिशेब मांडू.

तीस-पस्तीस किलोच्या काळविटाला दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा लागतो असे धरा. कळपात तीनशे जनावरे धरली तर वर्षाला सुमारे ११० टन. मुरमाड माळ बऱ्या पावसाच्या वर्षी हेक्टरी एक टन कोरडे गवत देतो असे धरा. २१७ हेक्टरचे २१७ टन. त्यातले निम्मे तरी मुळांना आणि जमिनीला सोडले नाही तर पुढच्या वर्षी माळ उजाड होतो. म्हणजे जनावरांच्या वाट्याला १०८ टन. चांगल्या वर्षी तीनशे जनावरांचा हिशेब कसाबसा काठावर येतो. पाऊस निम्म्यावर आला की दीडशे जनावरे त्या कुंपणाबाहेर जेवतात. बाहेर काय आहे? शेतकऱ्याची ज्वारी आणि हरभरा.

हा आमचा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात आकडा इकडे-तिकडे होईल. पण त्यातून निघणारी गोष्ट बदलत नाही. अभयारण्याचा फलक २१७ हेक्टरवर आणि अभयारण्याचा खर्च आजूबाजूच्या शेतांवर. आयजीच्या जिवावर बायजी उदार! विदर्भातल्या कापूस पट्ट्यात वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे, ते अठरा चौरस किलोमीटरचे. तेही चारी बाजूंनी शेतांनी वेढलेले. हरणाला सरहद्द वाचता येत नाही.

आणि आपल्या जिल्ह्यात? यावलचे अभयारण्य १९६९ चे, गौताळा-औट्रमघाटचे आणि धुळे जिल्ह्यातले अनेर धरणाचे १९८६ चे. तिन्ही डोंगर, जंगल, पाणी यांच्यासाठी. माळासाठी खानदेशात एकही नाही. आपल्या भागातले हरीण आणि रोही जगते ते शंभर टक्के शेतकऱ्याच्या जिवावर. दोनशे किलोचा रोही दिवसाला पाच किलो कोरडा चारा खातो असे धरा. दहा रोह्यांचा कळप म्हणजे पाच बैलांचा चारा. घरचे बैल पोसवत नाहीत म्हणून आपण विकले आणि सरकारचे बैल मात्र पोसतो आहोत. खाण्यापेक्षा तुडवणे आणि मोडणे जास्त, ते वेगळेच.

नान्नजचा धडा

मग आपल्याकडेही मोठे अभयारण्य करा, असे कोणी म्हणेल. थांबा. नान्नजची गोष्ट ऐका.

१९७९ साली सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर! तालुकेच्या तालुके नकाशावर एका रेघेत आले. त्यात वनखात्याची जमीन थोडी, बाकी शेतकऱ्यांची. गावे आत, बाजार आत, रस्ते आत. शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. मग जमिनीचा व्यवहार करायचा, बिगरशेती करायची, कारखाना आणायचा, की अभयारण्याचे नाव आडवे. वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या झाल्या आणि शेवटी क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आले.

तेवढ्या काळात पक्षी वाढला का? नाही. आज देशभर माळढोक दीडशेच्या आत उरला आहे आणि सोलापूरच्या माळावर एखादा दिसला तर त्याची बातमी होते. गावांना बांधून ठेवणारी रेघ पक्ष्याला मात्र वाचवू शकली नाही. का? कारण माळढोक शेतकऱ्याच्या ज्वारी-करडईच्या रानात आणि गायरानातही फिरत होता. शेतकऱ्याला त्यात हिस्सा दिला असता तर तो राखणदार झाला असता. त्याला गुन्हेगार धरले, तेव्हा माळढोक हे त्याच्या दृष्टीने संकटाचे नाव झाले. ज्या पक्ष्यामुळे पोराच्या लग्नासाठी एकर विकता येत नाही, त्याचे घरटे कोण राखील?

म्हणून आमचे म्हणणे दोन्ही बाजूंना कडू लागेल असे आहे. शेतकऱ्याला न विचारता नकाशावर रेघ ओढणारे अभयारण्य आम्हाला नको. आणि माळ मोडून खाणारा विकासही नको.

बंदुकीने काय साधेल?

आता बंदुकीच्या ठरावाकडे येऊ. कायदा काय म्हणतो ते माहीत असू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाचे नुकसान केले म्हणून काळवीट मारण्याचा परवाना या कायद्यात मिळतच नाही. मारले तर तीन ते सात वर्षांची कैद. काळविटासाठी परवाना मागणारा ठराव म्हणजे आपल्याच पोरांना तुरुंगाची वाट दाखवणे. रोही आणि रानडुक्कर यांचे वेगळे आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका झाला तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कलम ११ खाली लेखी परवाना देऊ शकतो. ठाण मांडून बसलेल्या कळपासाठी हा परवाना मागणे हा आपला हक्क आहे. अर्जावर महिनोन्‌महिने बसणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे.

पण परवाना हा उपाय आहे असे मानू नका. बिहारचे उदाहरण पाहा. तिथे केंद्राने नीलगाय उपद्रवी जाहीर केली आणि २०१६ च्या जूनमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेवर नीलगायी मारल्या. दिल्लीत दोन केंद्रीय मंत्र्यांचे जाहीर भांडण झाले. फोटो छापून आले. आणि बिहारच्या शेतकऱ्याची तक्रार? ती आजही आहे, मारण्याचे परवाने तिथे पुढेही काढावे लागले. आडोसा तसाच, उपासमार तशीच, तर रिकाम्या जागी दुसरा कळप येणारच.

मध्य प्रदेशात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शाजापूर भागात वेगळा मार्ग वापरला. हेलिकॉप्टरने हाकत कनातीच्या नरसाळ्यात आणून आठशेवर काळवीट आणि काही नीलगायी धरल्या आणि दूरच्या जंगलांत सोडल्या. रक्त न सांडता शेत मोकळे झाले. महाराष्ट्र सरकारला हे करता येत नाही असे नाही. पण धरलेले हरीण सोडायला गवताचा माळ लागतो. तो नसेल तर जामनेरचे संकट दुसऱ्या तालुक्यात नेऊन टाकले, एवढेच होईल. फिरून-फिरून गाडी गवतावरच येते.

हा सरकारी कारभार तरी पाहा. १७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते विमानाने आणून कुनोत सोडले. चित्ता म्हणजे माळावरच्या हरणामागे धावणारे जनावर. इथला चित्ता १९५२ साली संपल्याचे सरकारने मान्य केले होते. चित्त्यासाठी परदेशातून विमान आले, हरणाच्या गवतासाठी तालुक्यातून ट्रॅक्टरही निघत नाही.

माळ राहिला तर आपला काय फायदा?

कोणी विचारील, माळ राखून कापूसवाल्याचे काय भले होणार? गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरचे काळवीट उद्यान आहे. भावनगर संस्थानचे जुने गवती कुरण १९७६ साली राष्ट्रीय उद्यान झाले, क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर. आजूबाजूला कापसाची शेते. दर हिवाळ्यात तिथल्या उंच गवतात मध्य आशियाकडून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी रात्री मुक्कामाला उतरतात आणि दिवसा आजूबाजूच्या शेतांवर शिकार करतात. अभ्यासकांनी त्यांनी ओकलेले गोळे तपासले, तर त्यात मुख्यत्वे टोळ-नाकतोड्यांचे अवशेष निघाले. म्हणजे गवताने पक्ष्याला रात्री बिछाना दिला आणि पक्ष्याने दिवसा कापसातले किडे खाल्ले. फवारणीचे औषध उधारीवर आणणाऱ्या माणसाला ही मजुरी किती मोलाची ते सांगायला नको.

दुसरा फायदा चाऱ्याचा. ज्वारीचे रान मक्याने आणि कापसाने घेतले, कडबा महागला, बैल गेले, शेणखत गेले. गवती माळ राखला, पाळीपाळीने चराईबंदी केली आणि गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, तर त्याच मुरमावर चारा उभा राहतो. हिवरे बाजारने हे करून दाखवले. चारा आला की मेंढरे येतात, मेंढरे शेतात बसली की खत येते. तिसरा फायदा असा की हरणाला माळावर पोटभर मिळाले तर हरभऱ्याची राखण निम्म्यावर येते.

भाडे द्या, भीक नको

सरकार म्हणते, नुकसानभरपाई देतो. कागदावर देते. अर्ज करा, पंचनामा व्हावा, वनरक्षक यावा, कृषी सहायक यावा, तलाठी यावा. आमच्या अनुभवातला एक पंचनामा असा झाला, की साहेब आले तोवर रोह्याने मोडलेली तूर पुन्हा फुटली होती आणि नुकसान 'नाही' असे लिहिले गेले. दाण्याचे काय झाले ते खळ्यावर कळते, हिरव्या शेंड्यावर नाही.

आता २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राने जाहीर केले आहे की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांचे नुकसान पीक विम्यात जोडीचे संरक्षण म्हणून धरता येईल. ७२ तासांत ॲपवर जागेच्या नोंदीसह फोटो टाकायचा. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे किंवा विमा घटक त्यात बसवायचे, हे राज्याने जुन्या आकडेवारीवरून ठरवायचे. हे वाक्य पुन्हा वाचा. जुन्या आकडेवारीवरून! आपण भाड्याच्या गाडीने चार खेपा मारायच्या आणि हातात काहीच पडायचे नाही, म्हणून कितीतरी शेतकरी अर्जच करत नाहीत. मग सरकारच्या दप्तरात जामनेर तालुक्यात रोह्याने काही खाल्लेच नाही. आपली न नोंदवलेली हानी उद्या आपल्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभी राहील.

आणि भाड्याचा विषय काढतोच. २०२३ साली राज्य सरकारने सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा काढला. विजेसाठी शेतकऱ्याची जमीन घेतली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी वाढ. चांगली गोष्ट आहे. दिवसा वीज मिळावी ही आपलीच मागणी होती. रात्री मोटार लावायला जाऊन डुकराच्या तोंडी पडणारा माणूस आपलाच होता. पण त्याच योजनेत गावोगावची गायराने पटलांखाली जात आहेत. ज्या माळावर मेंढरू आणि हरीण चरत होते तो गेला, तर कळप कुठे वळणार हे आता तुम्हाला सांगावे लागणार नाही. पटले बसवायची तर ज्याला परवडत नाही त्या शेतकऱ्याची बरड जमीन त्याच्या राजीखुशीने भाड्याने घ्या. गायरान सोडा.

आणि दुसरा प्रश्न. ऊन धरायला जमीन दिली तर हेक्टरी सव्वा लाख, हरीण पोसायला जमीन दिली तर शून्य का? हरीण राष्ट्राची संपत्ती आहे ना? मग राष्ट्राने भाडे द्यावे. आम्ही भीक मागत नाही. आम्ही जो माल पुरवतो त्याचा भाव मागतो.

ठराव

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीत बंदुकीचा जुना ठराव बाजूला ठेवून हे ठराव मांडावेत, असे आमचे आवाहन आहे.

१. गवती माळ आणि गायराने 'पडीक' म्हणून धरणे बंद करावे. महसूल दप्तरात चराऊ गवती जमीन अशी स्वतंत्र नोंद व्हावी. त्यावर रोपलागवड, चर आणि सौर पटले ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय होऊ नयेत.

२. माळावर घुसलेली वेडी बाभूळ आणि सरकारने लावलेला झाडोरा सरकारी खर्चाने काढावा. लाकूड गावाला मिळावे आणि जागेवर पवना-मारवेल पेरावे.

३. खासगी जमीन कोणत्याही अभयारण्यात शेतकऱ्याच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नये. ज्याला स्वखुशीने हरणासाठी जमीन राखायची असेल त्याला वार्षिक भाड्याचा करार मिळावा. कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद आहे, पण एकदा जाहीर झाल्यावर जमिनीचा वापर बदलायला सरकारची परवानगी लागते. म्हणून भाड्याचा लेखी करार हातात आल्याशिवाय सही करू नये.

४. पिकाचे नुकसान खळ्यावरच्या उत्पन्नाच्या फरकाने मोजावे आणि पैसे त्याच हंगामात मिळावेत. विम्याच्या नव्या संरक्षणात जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतले सर्व कोरडवाहू तालुके, आणि प्राण्यांत रोही, रानडुक्कर व काळवीट तिन्ही धरावेत.

५. ठाण मांडलेल्या रोह्यांच्या कळपांसाठी शाजापूरप्रमाणे धरून हलवण्याची मोहीम सरकारी खर्चाने करावी. कलम ११ च्या अर्जाला पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

६. झटका मशीनला शेतकऱ्याला संपूर्ण अनुदान मिळावे. आकडा टाकून कुंपणात वीज सोडण्याने माणसे मरत आहेत. ते आपणही गावोगाव बंद करू.

बैठकीआधीचे काम

ठराव करून घरी गेलो तर हाही कागद आधीच्या कागदांवर जाऊन बसेल. म्हणून प्रत्येक गावातल्या दोन पोरांनी एक वही घालावी. तारीख, गट नंबर, पीक, जनावर कोणते, किती ओळी गेल्या, आणि शक्य असेल तिथे फोटो. हुरड्याच्या आणि घाट्याच्या दिवसांत रोज लिहावे. ज्या बाया पहाटे वेचणीला जातात त्यांना आधी कळते, त्यांना विचारून लिहावे. प्रत्येक नोंदीचा अर्ज वनखात्याला द्यावा आणि पोच घ्यावी. पैसे मिळोत न मिळोत, पोच घ्यावी. गावात गायरान किती होते, आज किती आहे, उरलेले कोणाच्या ताब्यात आहे, याचा सातबारा काढावा.

सरकारकडे आपल्या नुकसानीचा आकडा नाही. तो आपल्याकडे असेल तर हरणाच्या जेवणाचे बिल आपण मांडू. नसेल तर ते बिल याही वर्षी आपल्याच हरभऱ्यातून वसूल होईल. वह्या घेऊन बैठकीला या.